पीएफचे पैसे, बोरिवलीचं घर आणि राणेसाहेबांची सही

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. घाटकोपरला सासरच्या दोन खोल्यांत राहत होतो आम्ही. एका दुपारी बाळाला मांडीवर थोपटत बसले होते आणि पोस्टमनने इन्कमटॅक्सचं पाकीट आणून दिलं... माझ्या नावाचं!

तेव्हा इन्कमटॅक्सचं पत्र म्हणजे दारात पोलीस आल्यासारखंच. सासूबाईंनी काही न विचारता ते देवापाशी नेऊन ठेवलं. संध्याकाळी हे ऑफिसातून येईपर्यंत मला ते फोडायचा धीर झाला नाही.

झालं होतं असं... मुलगा झाल्यावर मी अंधेरीच्या कंपनीतली स्टेनोची नोकरी सोडली आणि साठलेला सगळा पीएफ काढला. म्हातारपणासाठीचे पैसे होते ते. पण म्हातारपण लांब होतं आणि धाकट्या दिरांचं लग्न तोंडावर आलं होतं, दोन खोल्यांत आणखी एक जोडपं मावणार नव्हतं. बोरिवलीला एक बिल्डिंग उभी राहत होती, तिथे वन रूम किचन बुक केलं आणि माझा पीएफ त्यात घातला.

रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा प्रत्येकाने सांगितलं, पीएफचं लिहूच नकोस, कोण बघायला येतंय. पण मी लिहिलं. घर दोघांच्या नावावर होतं. उद्या कुणी विचारलं की या बाईने पैसे कुठून आणले, तर उत्तर आधीच दिलेलं असावं, असं मला वाटलं. आता पाकीट आल्यावर जेवताना माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं.

पत्रात पीएफबद्दल विचारायला ऑफिसात बोलावलं होतं. तिथले साहेब रागीट नव्हते, पण कोरडे होते. म्हणाले, अंधेरीच्या नोकरीत तुमची पाच वर्षं भरत नाहीत, म्हणजे या पीएफवर टॅक्स बसतो. मी सांगितलं की त्याआधी मी गोरेगावच्या कारखान्यात होते आणि तिथला पीएफ अंधेरीला ट्रान्सफर झाला होता. ट्रान्सफरची स्लिप होती माझ्याकडे. पण गोरेगावला कामाला कधी लागले, याचा कागद? तो लग्नानंतरच्या सामानाच्या हलवाहलवीत कुठे गेला, देव जाणे.

"मग त्या कंपनीचं सर्टिफिकेट आणा," ते म्हणाले. "नाहीतर टॅक्स भरावा लागेल."

आणि ती कंपनी तर बंद पडली होती... टॅक्स भरायचा तर शेवटच्या हप्त्यासाठी ठेवलेल्या पैशांतूनच, आणि तो हप्ता दिल्याशिवाय बिल्डर चावी देणार नव्हता.

गोरेगावला गेले, तर गेटला कुलूप. वॉचमनने सांगितलं की पर्सोनेलचे, म्हणजे कामगारांच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्याचे, राणेसाहेब अजून कंपनीच्या कागदांवर सह्या करतात, मुलुंडला राहतात, पण कुणाला भेटत नाहीत. कामगारांची देणी अडकली होती ना... लोक त्यांच्या घरी जाऊन वाट्टेल ते बोलून यायचे.

रविवारी आम्ही बाळाला घेऊन मुलुंडला गेलो. राणेवहिनींनी दार बोटभर उघडलं आणि साहेब घरी नाहीत म्हणून सांगितलं. आतून पुरुषाचा खोकला ऐकू आला. हे मला म्हणाले, चल, नको त्रास द्यायला. पण माझा पाय निघेना.

"वहिनी, मी पैसे मागायला नाही आले हो," मी म्हटलं. "मी सावंत, टायपिंगला होते. मी कधीपासून कामाला होते, एवढंच लिहून हवंय."

मग आतून आवाज आला, "सावंत? आत ये गं."

राणेसाहेब ओळखू येत नव्हते. दाढी वाढलेली, अंगाने निम्मे झालेले. मी सगळं सांगितलं, त्यांनी मान खाली घालून ऐकलं. सर्टिफिकेट देतो म्हणाले. अशा कागदांसाठी ऑफिसचा टाइपरायटर त्यांनी घरी आणून ठेवला होता, पण त्यांना एका बोटानेच टाइप करता यायचं. म्हणाले, तूच टाइप कर. मी खाली बसून टाइप करत होते आणि वहिनी माझ्या पोराला दुधात ब्रेड बुडवून भरवत होत्या...

मी सहज विचारलं, माझ्या शेवटच्या वर्षी तर पगारही वेळेवर होत नव्हते, मग पीएफ नीट कसा भरला गेला?

"पगार मालकांनी थांबवला," ते म्हणाले. "पीएफ मी थांबू दिला नाही. रोज भांडायचो वर जाऊन."

हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. शिव्या खाताना तरी सांगायचं ना, असं मला वाटून गेलं. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि घर कुठे घेतलंस, पाणी बरं येतं का, असं विचारत बसले. निघताना जिन्यात वहिनी हळूच म्हणाल्या की यांचा स्वतःचा पीएफ घरखर्चातच संपत आलाय...

पुन्हा इन्कमटॅक्स ऑफिसात गेले. साहेबांनी सर्टिफिकेट वाचलं, स्लिपशी ताडून पाहिलं, पुन्हा वाचलं. तेवढ्या वेळात मी किती देव आठवले ते मलाच माहीत. मग फाइलवर काहीतरी लिहून म्हणाले, ठीक आहे, यावर टॅक्स नाही.

दिरांच्या लग्नाआधी चावी मिळाली. पेढे घेऊन मुलुंडला गेलो, तेव्हा राणेसाहेब दाढी करून बसले होते. म्हणाले, आपल्याकडच्या आणखी कुणाला असा कागद लागला तर पाठव माझ्याकडे, घाबरू नका म्हणावं. कारखान्यात पॅकिंगला असलेल्या दोघी-तिघींना मी पाठवलंही.

पुढे मीही पुन्हा नोकरी केली, पुन्हा पीएफ साठला, आता तर पेन्शनीत आहे. ज्याला सगळे चोर म्हणत होते, त्या माणसाने माझे पैसे मला न सांगता सांभाळले होते... असं आपल्यासाठी कोण कुठे भांडत असेल, आपल्याला पत्ताही नसतो. मला निदान एकाचा तरी लागला, हे माझं नशीब.