बाबांचा उजवा हात आणि धरणावरचा गळ

आमच्या खानदानात पहिला ग्रॅज्युएट मी. बाबांनी इतवारीच्या बाजारात धान्याची पोती वाहून मला शिकवलं, आणि शिकलो म्हणूनच असले चमत्कारिक अनुभव वाचून मी कायम हसत आलो. पण हा माझा स्वतःचा आहे...

बाबांना एकच नाद — गळ टाकून मासे धरायचा. शहराबाहेर, वाडीच्या पुढे, अमरावती रोडवरून आत एक धरण आहे. तिथे सांडव्याजवळ, बाभळीखाली त्यांची जागा ठरलेली. मग लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, हा हात परत येणं कठीण.

एका रविवारी घरात बसवेना, म्हणून त्यांचीच गळाची काठी घेऊन मी धरणावर गेलो. दुपारी मिशीवाला शिंगाडा मासा लागला. झटका देऊन त्याला बाहेर काढतोय, तोच मायचा फोन.

"अरे, तुया बाबानं हात झटकला."

"कोणता?"

"उजवाच. मले काय डावा-उजवा समजत नाही का?"

योगायोग असेल. पुढच्या रविवारी मी मायशी फोन चालूच ठेवला. दोरीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा बुडाला, मी काही न बोलता झटका दिला — आणि तिकडून माय म्हणाली, "हालला, हालला." पुन्हा गळ टाकला, पुन्हा तसंच. व्यायाम घ्यायला येणारे सर म्हणाले, नसा कधीकधी आपोआप उडतात. उडत असतील... पण मासा लागल्यावरच?

मिहानच्या ऑफिसातून मिळेल ती सुट्टी मी धरणावर घालवू लागलो. मासे पाण्यात सोडून द्यायचो. माय म्हणायची, "बापाचं नाव बुडवून राहिला तू. एक तरी घरी आण." आणि बाबांना म्हणायची, "उठा जी लवकर, पोराले काही जमत नाही." एकदा त्यांची बोटं वळून मूठ झाली. मी धरणावरून घरी पोचलो तरी ती तशीच होती; माय आणि मी त्या मुठीकडे बघत बसलो. मला खरंच वाटलं, हात परत येतोय.

मग ती दुपार. लख्ख ऊन, वारा नाही. थर्माकोल जागचा हललेला नव्हता.

"लय मोठा लागला का रे?" फोनवर माय म्हणाली. "ओढून राहिले ते."

"नाही वं माय. काहीच नाही."

"असं कसं? पार खांद्यापासून ओढून राहिले. घाम फुटला त्यायले."

मी दोरी बाहेर काढली. गळाला कणकेची गोळी जशीच्या तशी. "माय, इथं काही नाही," मी सांगत होतो, आणि ती तिकडे बाबांना म्हणत होती, "सोडू नका... धरा... धरा..." बराच वेळ.

"काय झालं?"

"मूठ उघडली," माय म्हणाली. "सुटला वाटते."

त्यानंतर तो हात हलला नाही. मी कितीदा जाऊन आलो. मासे लागतात, फोन चालू असतो, आणि तिकडून माय "नाही" एवढंच म्हणते. बाबा आहेत, छताकडे बघत पडून असतात. त्या दुपारी त्यांच्या गळाला काय लागलं होतं, हे ना डॉक्टर सांगू शकले, ना मला कळलं. एवढं मात्र माहीत आहे, की ओढायला त्यांच्याजवळ तेवढीच ताकद उरली होती.