शाळेसाठी फिरवलेला शब्द

आम्ही पोलंडहून नंदुरबारला आलो तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "बरं झालं, परत आलात." मी हसून मान डोलवायची. पण मनात यायचं, परत आलो ते मी आणि माझा नवरा. आमची पोर परत आलेली नाही, ती आलीच आहे पहिल्यांदा. मांडीवर असताना एकदा तिला आणलं होतं, तेवढंच. सात वर्षांच्या त्या जिवासाठी हा परदेश होता आणि घरातल्या कुणाच्याच ते ध्यानात येत नव्हतं. सासूबाई गेल्या, सासरे एकटे पडले, दीर नोकरीत, मिरचीचा धंदा बघायला कुणीतरी हवं होतं, म्हणून आम्ही आलो. कारण चांगलंच होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

आल्यापासून तिने बोलणं बंद केलं. अगदीच मुकी झाली असं नाही. तिला काही हवं असलं की ती माझ्याजवळ यायची, माझी मान खाली ओढायची आणि कानात कुजबुजायची. मग मी जगाला सांगायचं, "तिला पाणी हवंय." "ती म्हणतेय, पंखा नको." परक्या देशात आलेल्या साहेबाबरोबर दुभाषा असतो ना, तशी मी तिच्या मागे. बापाशीसुद्धा ती खोलीचं दार लावल्यावरच बोलायची.

भाषा येत नव्हती असंही नव्हतं. तिकडे मैत्रिणींशी ती पोलिश बोलायची आणि घरात मराठी. मराठीसुद्धा कशी, तर पुस्तकातल्यासारखी. आम्ही दोघं अहिराणीत वाढलो आणि शाळेत गेल्यावर गुरुजींच्या 'शुद्ध बोल' या धाकाखाली सुधारलो. आपल्या मुलीला तो जाच नको म्हणून पहिल्यापासून तिच्याशी शुद्धच बोललो. खानदेशातले शिकलेले आईबाप हे हमखास करतात. त्यामुळे झालं असं, की नंदुरबारच्या घरात उतरल्यावर तिची मराठी फक्त टीव्हीशी जुळत होती. चुलत भावंडं तिच्याभोवती गोळा व्हायची, "हाई पोर बोलस का नही?" म्हणत तिला चिमटे काढायची आणि ती माझ्या ओढणीत तोंड लपवायची.

सासरे म्हणायचे, "शायामा गई का बोलाले लागी जाई." शाळेत गेली की बोलायला लागेल. मलाही तेच वाटत होतं. फक्त कुठल्या शाळेत, हा प्रश्न होता. चुकीच्या ठिकाणी टाकली तर हे तोंड कायमचं मिटेल, अशी भीती मला बसली होती. ती भीती मी कुणाला सांगत नव्हते, कारण सांगितली की लोक दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन उभे राहत.

खाजगी प्राथमिक शाळांना इथे आता तोटा नाही. सल्ले देणाऱ्यांना तर कधीच नव्हता. जाऊबाई म्हणाल्या, बस दारात येते ती शाळा चांगली. नणंद म्हणाली, टाय असला पाहिजे. शेजारच्या मारवाडी काकू म्हणाल्या, त्यांच्या नातवाला घरी आल्यावर आईशीसुद्धा इंग्रजीत बोलावं लागतं, अशी कडक शाळा आहे. मी म्हटलं, "काकू, माझी तर कुठल्याच भाषेत बोलत नाही, तिला नापासच करतील." काकू हसल्या नाहीत.

मी एकेक शाळा स्वतः बघायची ठरवली होती. तेवढ्यात कळलं की बघायचं काही उरलेलंच नाही. आखाजीच्या आदल्या आठवड्यात सासरे जेवता जेवता म्हणाले, "आखाजीले सालदार ठरस, तशी पोरनी शाया भी ठरी गई. मी जबान देई टाकी."

आमच्याकडे अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, शेतावरचा वर्षाचा गडी ठरतो. चहा होतो, सुपारी होते, शब्द दिला जातो आणि मग वर्षभर दोन्हीकडून तो पाळायचा. मिरचीचंही तसंच. सासऱ्यांनी एकदा भाव बोलला की बोलला. दुसऱ्या दिवशी बाजार कोसळला तरी माल उचलायचा आणि तोंडातून हूं काढायचं नाही. आयुष्यभर याच जोरावर त्यांनी धंदा केला. हमरस्त्यावरच्या मोठ्या इंग्रजी शाळेचे अध्यक्ष हे त्यांचे जुने व्यापारी दोस्त. रोज संध्याकाळी दोघांचा एकत्र चहा. त्या चहावर माझ्या मुलीचा सौदा होऊन गेला होता. कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. उलट दोस्ताने 'तुमची नात ती माझी नात' म्हणून प्रवेश राखून ठेवला होता.

मला इतका राग आला की मी ताटावरून उठले. खोलीत नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या वडिलांना सांगा, पोर म्हणजे काही मिरचीचं पोतं नाही." तो म्हणाला, "तूच सांग." या एका बाबतीत सगळी पुरुषमंडळी सारखी असतात. बाहेरच्या देशात धडाधड बोलतील आणि बापापुढे मांजर.

ती शाळा मी बघितली. वाईट होती असं म्हणणार नाही. हिरवळ होती, स्वच्छ संडास होते, प्रत्येक वर्गात मोठा पडदा होता. मुख्याध्यापिका बाई शांत, नीटनेटक्या. त्यांनी मुलीला इंग्रजीत नाव विचारलं. मुलगी त्यांच्या टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलाकडे बघत राहिली. त्यांनी हिंदीत विचारलं. मग मराठीत. मग तिने माझी मान खाली ओढली आणि कानात म्हणाली, "आपण कधी जायचं?" मी बाईंना म्हटलं, "ती जरा लाजतेय." बाई समजुतीने म्हणाल्या, "आपण तिला एक वर्ष खालच्या वर्गात बसवू. शिस्त लागली की बोलेल. आणि आई, तुम्ही तिच्या वाटचं बोलणं बंद करा." शेवटचं त्यांचं खरंच होतं. म्हणून तर ते इतकं लागलं. बाहेर आल्यावर रिक्षात मी रडले आणि पोर माझ्या गालाला हात लावून बसली.

घरी येऊन मी सासऱ्यांपुढे उभी राहिले. एवढी हिंमत कुठून आली माहीत नाही. म्हटलं, "बाबा, अजून एक शाळा बघते. ती बघू दिली नाही तर मला जन्मभर खंत राहील." त्यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "मी भी येस." मी ओळखलं, हे सोबत म्हणून नाही, राखण म्हणून येत आहेत. दिलेला शब्द सुनेने परस्पर मोडू नये म्हणून.

ही दुसरी शाळासुद्धा खाजगीच, पण स्टेशनच्या मागच्या गल्लीतली, एका जुन्या संस्थेची. लांबट इमारत, पुढे पत्र्याचा ओटा. सासऱ्यांनी फाटकातूनच नाक मुरडलं. मलाही काही प्रेमाचं भरतं आलं नाही. भिंतीचा रंग उडालेला, संडासाच्या दाराला कडीच्या जागी सुतळी. मी मनातल्या मनात पुढच्या शाळेचा विचार करायला लागले होते.

तेवढ्यात पोरीने माझा हात सोडला. वर्गाच्या दाराबाहेर मुलांच्या चपला ओळीने काढून ठेवलेल्या होत्या. ती ओट्यावर टेकली, बुटांचे बंद सोडले, बूट काढले, मोजे घडी करून आत घातले आणि ते बूट त्या ओळीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, नीट जुळवून ठेवले. मग ती उठली आणि सरळ वर्गात जाऊन शेवटच्या सतरंजीवर मांडी घालून बसली. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी तिथेच थबकले. पोलंडमध्ये बालवाडीत शिरल्या शिरल्या पहिलं काम हेच असायचं. बाहेरचे बूट काढायचे, ते आपल्या खुंटीखाली ठेवायचे, आतल्या सपाता घालायच्या आणि मग वर्गात जायचं. बर्फाळ देश, चिखल आत येऊ नये म्हणून. इथे धूळ आत येऊ नये म्हणून. तिच्या हिशेबी बूट काढून जिथे आत जातात ती शाळा. हमरस्त्यावरच्या शाळेत काळे बूट दिवसभर पायात ठेवायचा नियम होता, त्यामुळे ती शाळाच आहे हे तिला बहुतेक पटलं नसावं. इतक्या दिवसांत या गावात तिला स्वतःहून काय करायचं ते कळलं, असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

वर्गातल्या बाई फळ्यावर पाढा लिहीत होत्या. त्यांनी नव्या पोरीकडे एक नजर टाकली आणि पाढा पुढे चालू ठेवला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पोरं एका सुरात म्हणत होती. आमची गप्प, पण ओठ थोडे हलत होते की मला भास झाला, देव जाणे.

मधली सुट्टी झाल्यावर मी बाईंना आधीच सगळं सांगून टाकलं. बोलत नाही, फक्त कानात बोलते, डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणतात दोष काही नाही. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते, खालच्या वर्गाच्या. बाई म्हणाल्या, "हो का. मग दिवाळीपर्यंत वाट बघायची. आमच्याकडे वर पहाडातल्या मोलगीकडची पोरं येतात, नातेवाइकांकडे राहून शिकतात. घरी भिली, पावरी बोलतात. जूनमध्ये आली की दिवाळीपर्यंत हूं की चूं नाही. तोवर ऐकत असतात. मग एक दिवस बोलतात, आणि मग गप्प बसवावं लागतं." हे सांगताना त्या मुलांच्या डब्यांची झाकणं उघडून देत होत्या, मान वर न करता. सासरे दारात उभे राहून, ओळीतल्या त्या बुटांकडे बघत ऐकत होते.

मी त्या शेवटच्या सतरंजीकडे बघितलं. आमच्या पोरीला इथे पोहोचायला विमानं बदलावी लागली. ती पहाडातली पोरं जीपने उतरून आली होती, आपल्याच जिल्ह्यातून, आणि तरी एक देश ओलांडून आली होती. इतकी वर्षं मी याच गावात शिकले, माझ्याही वर्गात तशी मुलं होती, मागे बसायची, गप्प असायची. आम्हाला वाटायचं त्यांना काही येत नाही. त्यांचं गप्प राहणं ही एक वाट आहे आणि तिच्या टोकाला बोलणं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इथे माझ्या मुलीचं गप्प बसणं आजार नव्हतं, इथे तो दर जूनचा रिवाज होता. हीच शाळा, असं माझ्या मनाने तिथल्या तिथे ठरवलं. पण सासऱ्यांचा शब्द होता ना.

परतताना रिक्षात सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, सदरा बदलला आणि रोजच्या वेळेआधीच दोस्ताकडे निघाले. मी म्हटलं, "बाबा, मी येऊ?" त्यांनी नको म्हणून हात हलवला.

ते लवकर परतले. नेहमी त्या चहाला तास-दोन तास लागायचे. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "सांगी उनू." सांगून आलो. मी विचारलं, काय म्हणाले? त्यांनी आधी वहाणा काढून भिंतीशी ठेवल्या. मग म्हणाले, "मी म्हनं, जबान मन्ही व्हती, शिकनं तिले शे. त्यानी चहा भी नही इचारा." शब्द माझा होता, पण शिकायचं तिला आहे.

खानदेशात दारी आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात. ज्या माणसाने तोट्यातला माल उचलला पण शब्द फिरवला नाही, त्याने म्हातारपणी एका पोरीसाठी तो फिरवला. मी आत जाऊन चहा टाकला. तो त्यांनी घेतला, पण त्यानंतर कित्येक संध्याकाळी ते ओट्यावर एकटेच बसलेले मी बघितले आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, पोर बोललीच नाही तर या माणसाला मी काय तोंड दाखवू?

जून गेला, जुलै गेला. पोर रोज शाळेत जायची, रडायची नाही, पण बोलायचीही नाही. जाऊबाई म्हणायच्या, सुतळीच्या कडीची शाळा, तिथे काय होणार. मी बाईंना विचारायचं सोडून दिलं, कारण त्या एकच म्हणायच्या, "ऐकतेय ती." सासरे मात्र रोज संध्याकाळी तिला समोर बसवून विचारायचे, "आज शायामा काय व्हयनं, माय?" ती माझ्या कानाशी यायची, मी सांगायची आणि ते तिच्याकडे बघून मान डोलवायचे, जणू तीच बोलली.

दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, ओल्या लाल मिरचीचे पहिले ढीग पडायला लागले होते. सासरे तिथे खाटेवर बसले होते, मी पोरीला शाळेतून घेऊन तशीच तिकडे गेले. सगळे ठसकत होतो. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी सवयीने मान खाली घातली आणि कान पुढे केला.

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "तू नको सांगू," ती म्हणाली, "मीच सांगसू."

आणि सांगायला लागली. मोठ्याने. "आबा, आज एक पोरनी मन्ही जागा लेई लिधी. मी तिले सांगं, ऊठ, हाई मन्ही जागा शे. मंग ती उठनी." मध्येच एखादा माझा पुस्तकी शब्द, बाकी सगळं त्या गल्लीतलं, त्या सतरंजीवरचं, मी तिला कधीच न दिलेलं. सासऱ्यांनी तिला अडवलं नाही, शाबासकी दिली नाही, जवळ ओढलं नाही. सौदा ऐकावा तसं गंभीरपणे ऐकत राहिले आणि मध्येच विचारलं, "मंग?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी मिरचीवर ढकललं.

मला आनंद झाला. आणि खोटं कशाला सांगू, कानाशी एकदम रिकामं रिकामंही वाटलं. मी थोडा वेळ तिथेच वाकलेली राहिले. ती आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून पुढचं सांगत होती आणि माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.