दालमिलमधली पाणी परेड

पंधरा वर्षं पायदळात काढून मी नाईक म्हणून घरी आलो. महिनाभर चांदूर बाजारला राहिलो आणि एप्रिलच्या अखेरीस अकोला एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून हजर झालो. हाताखाली चार गार्ड, दोन गेट, चार वॉकी-टॉकी. आत साठेक माणसं. पुरुष मशीनवर आणि पोत्यांवर, बाया निवडणीच्या शेडमध्ये. शेडला टिनाचं छत. दुपारी बाराला त्याखाली उभं राहिलं की डोकं तव्याखाली धरल्यासारखं वाटायचं.

लोक मला गोळीबाराचं विचारतात. मी पाण्याचं सांगतो. वाळवंटात आमची पाणी परेड व्हायची. दर तासाला शिटी. सेक्शन कमांडर समोर उभा राहून आधी स्वतः पिणार, मग जवान. मग प्रत्येकाने बाटली डोक्यावर उलटी करायची. डोकं ओलं झालं तर पुन्हा भरून प्यायची. तहान आहे की नाही, हे कोणी विचारत नसे. ऑर्डर होती.

मिलमध्ये दिवसाआड कोणीतरी चक्कर येऊन बसायचं. मी मॅनेजरसाहेबांची परवानगी घेतली आणि चौथ्या दिवशी सकाळी नऊला पहिली शिटी मारली.

"फॉल इन. ग्लास भरा. प्या. डोक्यावर उलटा."

एक हमाल म्हणाला, "फौजी, नुसतं पानीच का? रम कवा येते?"

"हे पे आधी, मंग बोल."

निवडणीतल्या सगळ्यात जुन्या इंदूमावशी म्हणाल्या, "माह्या सासूनंबी एवढा हुकूम नाई चालवला बापा."

हसत हसत सगळ्यांनी ग्लास उलटे केले. बायांच्या रांगेत एक थेंब पडला नाही. मी खूश. आठवड्यात हमालांचं चक्कर येणं थांबलं. शिटीला पाच मिनिटं उशीर झाला तर तेच ओरडायचे, "फौजी, झोपलं का?" एका हुकमाने माणसं उभी राहतात, हे डोळ्यांनी पाहत होतो. त्याच दिवसांत शेडच्या मागे माती रोज ओली दिसू लागली. नळ गळतोय म्हणून मी प्लंबर बोलावला. त्याला गळती सापडली नाही.

परेडच्या नवव्या दिवशी दुपारी दोन चाळीसला वॉकी-टॉकीवर गार्डचा आवाज आला.

"गेट एक, शेडमधून बोलतो. एक बाई पडली. ओव्हर."

"शुद्धीवर आहे?"

"नाही. अंग भट्टीसारखं. घाम नाही. ओव्हर."

घाम नाही म्हणजे उष्माघात, हे मला माहीत होतं. मी पळालो. सुलभाताई, वय तीस, घरी दोन मुली. पोत्याची झोळी करून आम्ही त्यांना सावलीत आणलं. बायांनी भोवती साड्यांचा आडोसा धरला, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली. दोन बावन्नला टेम्पो दवाखान्याकडे सुटला. पाण्याची कॅन मी मांडीवर घेतली होती, इंदूमावशी सारख्या फडकी भिजवत होत्या.

चार वाजता डॉक्टर बाहेर आले. "वाचल्या. पण अंगात पाणीच नाही. किती दिवस प्यायल्या नाहीत या?"

मी मावशींकडे वळलो. "मावशी, या तर दर तासाला पीत होत्या. मी समोर उभा होतो."

"तू शिटी मारून पोत्याइकडे गेला का आमी अर्धी गुळनी मांगं थुको. बाकीचं ओतून द्यो. मंग उलटा गिलास डोक्यावर."

"काहून?"

"पेलं का जा लागते. जाचं कुठं? नाल्यापल्याड बाभळीत? थ्या ट्रकवाल्याइच्या समोर? सकाळी घरून जाऊन येतो, मंग संध्याकाळी घरीच."

"ऑफिसाजवळ संडास आहे ना."

"त्याले कुलूप हाय. पाहुन्यासाठी हाय म्हनते. चावी तुह्याच खोलीत लटकून राहिली भाऊ."

खरं होतं. चाव्यांच्या बोर्डवर सात नंबर. सगळ्या चाव्या हजर, अशी सही मी रोज संध्याकाळी करत होतो. मी पाण्याची ऑर्डर दिली होती आणि पाणी पिण्याची वाट स्वतःच कुलूपबंद ठेवली होती.

पाच वीसला परतलो. कुलूप काढलं आणि वॉकी-टॉकीवर मॅनेजरसाहेबांना गाठलं.

"साहेब, सात नंबर उघडला. ओव्हर."

"कोणाला विचारून?"

"विचारलं नाही. रिपोर्ट देतोय. ओव्हर."

मॅनेजरसाहेब तावातावाने आले. "उद्या माल घ्यायला पार्टी आली तर?"

"रांगेत उभी राहील."

"नोकरी नको का तुम्हाला?"

"काढा. पण हे पुन्हा बंद होणार नाही."

मागे हमाल आणि बाया उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं. साहेबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ते ऑफिसात गेले.

दुसऱ्या दिवशी नऊला शिटी मारली आणि बायांच्या रांगेसमोरच उभा राहिलो. इंदूमावशींनी ग्लास रिकामा केला, पुन्हा भरला, पुन्हा रिकामा केला आणि म्हणाल्या, "आता पाहाचं अशीन तं पाह्य." बायांची रांग हसली. त्या दिवशी शेडमागची माती कोरडी राहिली. सुलभाताई सहाव्या दिवशी कामावर आल्या. पावसाआधी बायांसाठी शेडला लागूनच दोन संडास बांधून झाले, आतून कडी असलेले. ही मेहरबानी नव्हे. काम घेणाऱ्याचं ते काम आहे.

संडासांचं काम चालू असताना एकदा साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी एवढे का पेटलात?"

मी संजयचं सांगितलं. परतवाड्याचा. माझा बडी, म्हणजे फौजेतला जोडीदार. वाळवंटातल्या एका युद्धसरावात त्याला दोन दिवस ताप होता. सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरकडे, जाणाऱ्याला आम्ही बहाणेबाज म्हणायचो. सगळ्यात मोठ्याने मी म्हणायचो. म्हणून तो गेला नाही. मार्चवर अकरा दहाला पडला, अंग भट्टीसारखं, घाम नाही. अकरा पन्नासला हेलिकॉप्टर आलं. तोवर मी त्याचे बूट काढले होते, पट्टा सैल केला होता, आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कुठल्या लढाईच्या यादीत त्याचं नाव नाही. म्हणून ते मी इथे लिहितो. सिपाही संजय, परतवाडा, वय चोवीस. ड्युटीवर असताना.