नत्र कमी करा

"काय रं, खाल्लं का पोटभर?" इनक्युबेटरचं दार उघडून आमचे सर असं विचारायचे. आत माणूस नसे. काचेचे फ्लास्क असत आणि त्यांत धिंगरी अळिंबीची पांढरी बुरशी. उत्तराची वाट बघितल्यासारखे ते क्षणभर थांबायचे, मग दार लावायचे. नवीन मुलं एकमेकांकडे बघत. आम्हाला सवय झाली होती.

साताऱ्याच्या एका कॉलेजात आम्ही दोघं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो. मी कायम नोकरीत, सर तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तरच पगार. पीएच.डी. झाली की कायम जागा त्यांचीच, असं सगळेच धरून चाललो होतो. आणि पीएच.डी. या फ्लास्कांपाशी येऊन अडली होती.

विषय सोपा करून सांगते. ही अळिंबी, म्हणजे मशरूम, आपण भाजी करून खातो. पण लाकूड, उसाचं चिपाड असलं काहीही कठीण फोडणारं एक एन्झाइमही ती सोडते. ते भरपूर कसं मिळेल, कशावर आणि कोणत्या तापमानाला वाढवून मिळेल, हे सरांना शोधायचं होतं. तपासणी साधी होती. फ्लास्कमधल्या पाण्यात रसायनाचा थेंब टाकायचा. एन्झाइम असेल तर तांबूस रंग येतो. सरांच्या पाण्याला रंग काही येत नव्हता.

बुरशी मात्र अशी माजली होती की विचारू नका. दुधावर साय धरावी तशी जाडजूड. सरांच्या मार्गदर्शक बाई दर वेळी तेच सांगायच्या, "अहो, नत्र कमी करा. पोट भरलेलं असलं तर ती कशाला लाकूड फोडायला जाईल?"

"हो बाई," सर म्हणायचे आणि दुसरंच काहीतरी बदलायचे. तापमान बदललं, आंबटपणा बदलला, फ्लास्क हलते ठेवले, स्थिर ठेवले, सांगलीकडच्या साखर कारखान्यातून चिपाडाची पोती आणली. नत्राचं खाणं तेवढं कमी केलं नाही. उलट एकदा वाढवलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

अभ्यास कमी होता म्हणावं तर तसंही नाही. उपाशी बुरशी एन्झाइम जास्त सोडते, हे वर्गात तेच शिकवायचे. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. सगळं कळतं, हात मात्र पुढे होत नाही.

चिपाडावर अळिंबीचे गुच्छ आले की सर भाजी करून आणायचे आणि डबा सगळ्यांपुढे फिरवायचे. शिपाईमामांचा शनिवार असे, त्या दिवशी ते मटण-मासे खात नसत. "आवं सर, ह्ये वशाट तर न्हाई न्हवं?"

"न्हाई वो मामा, झाडपाल्यातलंच हाय. खावा." बुरशी ही वनस्पती नव्हे, हे त्याच सकाळी त्यांनी मुलांना बजावलेलं असायचं.

एकदा चहा घेताना मी न राहवून विचारलं, "सर, अडलंय कुठं तुमचं?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग थेट गावाकडच्या बोलीत बोलायला लागले. "आमी माण तालुक्यातली मेंढरंवाली माणसं, मॅडम. दुष्काळात आबा कळप घिऊन मुलूख सोडायचे. एक साल एक म्हातारी मेंढी मागं राह्यली. जो काय पाला व्हता त्यो शेळीला, कारन ती दूध द्यायची. आई म्हनायची, मेंढीला घालू नगंस. ती वरडायची न्हाई, मॅडम. नुसती बघायची."

पुढे कायम जागेची मुलाखत निघाली. सरांकडे पदवी नव्हती. जागा त्यांच्याहून लहान, वेळेत काम संपवलेल्या मुलीला मिळाली. तिचं काही चुकलं नव्हतं. तरी मला आजही त्या दिवसाची हळहळ वाटते.

त्यानंतर बाई निवृत्तीला आल्या. "माझ्यासाठी तरी करा," म्हणाल्या. सरांनी कमी नत्राचे फ्लास्क लावले आणि ते तपासायच्या दिवसापर्यंत इनक्युबेटरपाशी फिरकले नाहीत. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी विरळ वाढली. मी थेंब टाकला. गडद तांबूस रंग आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "आला ना? बास."

पदवी मिळाली. कॉलेजनं सत्कार ठेवला. संस्थेचे एक पदाधिकारी शाल घालता घालता विषय समजून घेत होते. मग माईकवर म्हणाले, "म्हणजे उपाशी ठेवलं की काम चांगलं होतं, हे सरांनी सिद्धच केलं म्हणायचं!" सभागृह हसलं. पहिल्या रांगेतले प्राचार्य हसले, मागे बसलेले तासिकेवरचे मास्तर हसले. सरही हसले.

जूनच्या वेळापत्रकात त्यांचं नाव नव्हतं. त्यांनीच नको म्हणून कळवलं होतं. एसटी स्टँडवर ते गावाकडे जायला दहिवडीच्या गाडीची वाट बघत असताना मला भेटले. मी रागावलेच, "एवढी पदवी घेतलीत आणि आता निघालात?"

"लय वर्सं संस्थेवाल्यास्नी 'उपाशी ठेवा' म्हनायला पुरावा न्हवता, मॅडम," ते म्हणाले. "त्यो मी दिला." गाडी लागली आणि ते चढले. नंतर त्यांचा फोन कधी लागला नाही.

आता या एन्झाइमचं प्रात्यक्षिक मी घेते. मुलं सरांच्याच पद्धतीनं कमी नत्राचे फ्लास्क लावतात, थेंब टाकतात आणि पाण्याकडे बघत उभी राहतात. एखाद्या वर्षी तो रंग येऊ नये, असं मला फार वाटतं. पण येतो.