सासूबाई घाटात उतरल्या तो दिवस

माझं माहेर ठाण्याचं. लग्न होऊन कल्याणला आले ती आगगाडीनंच. डोंबिवलीला तेव्हा गाडी थांबतसुद्धा नसे. खिडकीतून नुसती भातखाचरं आणि ताडाची झाडं मागं जाताना दिसत. तो प्रवास मला इतका थोडा वाटला की, कल्याण आलं तेव्हा उतरायचं जिवावर आलं.

यांना जुन्या जागा पाहायचं भारी वेड. शाळेत मास्तर होते. सुट्टी लागली की निघाले. कधी अंबरनाथचं देऊळ, कधी नाशकाची लेणी. आगगाडी नेईल तिथवर आगगाडीनं, पुढं बैलगाडी नाहीतर पायीच. परत आले की जेवताना सगळं वर्णन करून सांगायचे. सांगायचे सासूबाईंना, पण आवाज जरा मोठा ठेवायचे, म्हणजे चुलीपाशी मलाही ऐकू येई. सासूबाई वाढता वाढता म्हणायच्या, "दगड बघायला एवढ्या लांब जायचं? आपल्या विहिरीला काय कमी दगड आहेत?"

सासरे जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. तेव्हापासून सासूबाई कुठं गेल्याच नव्हत्या.

एका चैत्रात हे म्हणाले, "या खेपेला कार्ल्याची लेणी पाहणार आहे." सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली.

"कार्ल्याला? म्हणजे एकवीरेच्या डोंगरावर?"

"तिथंच. देवीचं देऊळ आणि लेणं अगदी शेजारी शेजारी."

त्या पुन्हा वाढायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र म्हणाल्या, "मी येते. सूनबाईलाही घे." मला तर काय करू नि काय नको असं झालं.

पहाटे कल्याणला गाडीत बसलो. आम्ही दोघी बायकांच्या डब्यात, हे पुढं पुरुषांच्या. डब्यात चार-पाच कोळणी होत्या, डोक्यात अबोली माळलेल्या, त्याही देवीलाच निघालेल्या. सासूबाई स्वतःची चटई अंथरून तिच्यावर अंग चोरून बसल्या होत्या. कर्जत सुटलं, घाट लागला, पहिल्या बोगद्यात काळोख झाला तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यांनी माझा हात धरल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

घाटात वरच्या अंगाला एक स्टेशन होतं, डोंगराच्या कडेवर. तिथं पुढचं इंजिन सोडून मागच्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायची. हे आम्हाला काय ठाऊक? सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं, इंजिन आमच्या शेजारून मागं चाललेलं.

"अगं सूनबाई, गाडी परत चालली! कल्याणला परत नेतायत आपल्याला!"

"नाय आये, अशीच जाते ती," एक कोळीण म्हणाली. पण तोवर सासूबाई गाठोडं घेऊन खाली उतरल्याही होत्या. त्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून ओटीचं सामान काखेत मारून मीही उतरले. शिट्टी झाली. बघता बघता गाडी उलट्या बाजूनं वर चढत वळणाआड गेली. कोळणी खिडकीतून हात हलवून ओरडत होत्या.

स्टेशनमास्तर धावत आले. आधी ओरडले, मग आमची तोंडं पाहून निवळले. "पुढची गाडी तीन तासांनी आहे. मी स्वतः बसवून देतो. लोणावळ्याला तार करतो, तुमच्या माणसाला निरोप मिळेल." त्यांनी सावलीत बाक ठेवायला लावला.

खाली दरी पसरलेली. खोल कुठंतरी कौलांचे ठिपके, त्यापलीकडे निळसर डोंगर. मी घाबरून गेले होते. सासूबाई मात्र टक लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा चार वर्षांचा असताना तापानं फणफणला होता. वैद्यानं हात टेकले. तेव्हा एकवीरेला बोलले, ह्याला उठव, तुझी ओटी भरायला येईन. हा उठला. आणि आम्ही निघायच्या आधीच तुझे सासरे गेले. मग कुठल्या हातानं ओटी भरू? तशीच राहिली."

मी ओटीचं सामान मांडीवर ओढून घेतलं. म्हटलं, "मी भरीन."

"म्हणून तर तुला आणलं."

पुढच्या गाडीनं लोणावळ्याला पोचलो. फलाटावर हे येरझारा घालत होते, तोंडाचं पाणी पळालेलं. त्यांनी काही विचारायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "घाट बघायला उतरलो होतो." यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घातली, नाहीतर हसू फुटलं असतं.

डोंगर चढून देवीपुढं उभ्या राहिलो तेव्हा सासूबाई आपोआप दोन पावलं मागं सरल्या. मी खण, नारळ, तांदूळ ताटात ठेवले. एवढ्या वर्षांचं त्यांचं बोलणं त्या ताटात होतं आणि त्या भिंतीशी उभ्या. मला राहवेना. मी त्यांचा हात धरून ताटाला लावला.

"अगं, नको," त्या पुटपुटल्या.

"नवस तुमचा आहे," मी म्हटलं. गुरवानं एकदा पाहिलं आणि ताट पुढं घेतलं. सासूबाई पदरात तोंड लपवून रडल्या. हे बाहेर चपलांपाशी होते; त्यांना यातलं मी पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

मग शेजारच्या लेण्यात गेलो. वर छताला लाकडाच्या कमानी, बरगड्यांसारख्या. दगडाचे खांब, त्यांच्यावर हत्ती, हत्तींवर जोडपी. सासूबाईंनी खांबावरून हात फिरवला. "कुणी मन लावून केलंय रे," एवढंच त्या यांना म्हणाल्या.

त्यानंतर सुट्टी जवळ आली की त्याच विचारायच्या, "या खेपेला कुठं?" पुण्याला पर्वतीच्या सगळ्या पायऱ्या चढल्या. शनिवारवाड्याच्या दरवाज्यातले खिळे बोटानं चाचपून पाहिले. नांदगावला उतरून बैलगाडीनं हाडं खिळखिळी करत वेरूळलाही आल्या. कैलासासमोर बसून त्यांनी दशमी खाल्ली आणि परत आल्यावर आळीतल्या बायकांना त्याचं वर्णन महिनाभर पुरवलं.

शेवटी शेवटी त्यांना दिसेनासं झालं. तरी नाशकाला यायचंच म्हणाल्या. कसाऱ्यापासून मी खिडकीशी आणि त्या माझ्या खांद्याला टेकून. "सांग काय दिसतंय," म्हणाल्या. मी सांगत गेले: करवंदीची जाळी, पुलाखालचं पाणी, गुरं राखणारी बाई, तिच्या डोक्यावरचं इरलं. त्या मध्येच थांबवत, "कुठल्या रंगाचं लुगडं?" आणि मी वाकून पुन्हा बघत असे.