फणी थोरल्याला, धोटा धाकट्याला

आमच्या डोक्यावर राहणारे काका एका जागी बसलेले मी कधी पाहिले नाहीत, आणि पाहिलेत असं सांगणारा माणूस सगळ्या कुवैतमध्ये मिळायचा नाही. अबू हलीफातल्या आमच्या इमारतीत त्यांचा फ्लॅट बरोबर आमच्या वर होता, म्हणून ते 'डोक्यावरचे काका'. इस्पितळातली डायलिसिसची यंत्रं दुरुस्त करणं हे त्यांचं काम आणि घरी आल्यावर स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा येरझाऱ्या घालणं हा त्यांचा विसावा. जेवायचे उभ्यानं, दाढी करायचे फिरत फिरत. आमच्याकडे चहाला आले की कप हातात घेऊन हॉलभर हिंडायचे, आणि त्यांच्याशी बोलणाऱ्याची मान दुखायला लागायची. काकांनी लग्न केलं नाही ते मुलगी बघायला गेल्यावर बसावं लागतं म्हणून, असं माझा नवरा म्हणतो. वर पावलं जरा जोरात वाजली की आमची लेक छताकडे बघून म्हणायची, "आई, काका इज अपसेट टुडे." आणि ते खरंच तसे असायचे.

या माणसाला विषय एकच. त्यांच्या विणकर पूर्वजाचं मृत्युपत्र! हा पूर्वज पैठणकडच्या कुठल्याशा खेड्यात तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. चहा कडक झाला असेल तर चारशे. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून मरताना त्यानं घरातल्या सामानाची वाटणी तोंडी सांगितली आणि पुढच्या प्रत्येक पिढीनं ती पाठ करून तशीच वाटणी केली. काका ती पाढे म्हणावेत तशी म्हणायचे, "फणी थोरल्याला, धोटा धाकट्याला. जात्याचा वरचा दगड थोरल्याला, खालचा धाकट्याला. हंडा सुनेला, झाकण लेकीला." आता मागाची फणी उभे धागे ओळीत धरते आणि धोटा त्यांच्यातून आडवा धागा नेतो. एकाकडे फणी आणि दुसऱ्याकडे धोटा म्हणजे दोघांपैकी कुणालाच एकट्यानं वीतभर कापड काढता येणार नाही. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं, असं माझं स्पष्ट मत होतं. काकांचं मत रोज बदलायचं. "रागानं केलं असंल," असं म्हणत ते बाल्कनीकडे जायचे आणि परत येईपर्यंत त्यांचं ठरलेलं असायचं, "न्हाई ताई, लई हुशार माणूस होता!"

थोरल्याच्या वाट्याची ती फणी आता काकांकडे होती. म्हणजे खरीच, बांबूच्या बारीक काड्यांची, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. पहिल्यांदा कुवैतला आले तेव्हा विमानतळावर अधिकाऱ्यानं ती उलगडून विचारलं, "शिनू हाज़ा?" हे काय म्हणून. काकांना अरबीतले जे चार शब्द शिकवून पाठवलं होतं त्यात फणीला 'मुशत' होता. तो केस विंचरायच्या फणीचा. काका म्हणाले, "मुशत." अधिकाऱ्यानं हातभर लांब फणीकडे पाहिलं, मग काकांच्या तुळतुळीत टकलाकडे पाहिलं, आणि शेजारच्या दोघांना हाका मारून बोलावलं. तिघंही इतके हसले की पुढच्या बॅगा कुणी उघडल्याच नाहीत.

हा किस्सा सांगून झाला की मात्र काकांच्या येरझाऱ्या वाढायच्या. कारण ती फणी त्यांच्या धाकट्या भावाला हवी होती. वडील गेल्यावर काका परदेशी निघाले, आणि विणायची खरी आवड होती ती धाकट्याला. काका निघताना त्यानं फणी मागितली. काकांनी दिली नाही. "वाटणीत माझी हाय ती," म्हणाले आणि पिशवीत टाकून आले. बाजारात दुसरी फणी काय मिळत नाही? पण धाकट्यानं ती आणली नाही. त्यानं माग मोडला, किराणा दुकानात नोकरी धरली आणि थोरल्याशी बोलणं टाकलं. दर सुट्टीला काका गावाच्या फाट्यापर्यंत जायचे, तिथे रसवंतीवर उभ्यानं रस प्यायचे आणि माघारी फिरायचे.

मग त्यांच्या डोक्यात आलं की माग इथेच उभारावा. शुक्रवारी अम्गराच्या भंगारबाजारातून त्यांनी जुनी लाकडं आणली. लाकडं वर चढवून झाल्यावर त्यांना आठवलं की त्यांच्या घराण्याच्या मागाला विणकराचे पाय सोडायला खड्डा लागतो. तो खड्डा आमच्या हॉलच्या छतातून खाली आला असता. "तुमाला अडचण न्हाई ना?" असं त्यांनी मला खरोखर विचारलं. लाकडं पुढच्या शुक्रवारी परत अम्गराला गेली.

कायमचं गावी जायचं तर ते दरवर्षीच ठरवायचे. ठरलं की सगळं सामान इमारतीत वाटून टाकायचे, निरोपाचं जेवण जेवायचे, मग इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणखी एका वर्षानं वाढवून घ्यायचे आणि ओशाळून सामान गोळा करत दारोदार फिरायचे. एकदा त्यांचा कुकर आमच्याकडून परत गेला तो आतल्या वरणभातासकट.

यंदा मात्र इस्पितळानंच निरोप दिला. या वेळच्या वाटणीत मिक्सरची मोटर आम्हाला आली आणि भांडी गेली खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या भाभींना. कुकर भाभींना, शिट्टी मला. आता मी आणि भाभी वर्षभर बोलत नव्हतो हे लिफ्टलासुद्धा माहीत होतं. आमच्या एसीचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर पडतं असा त्यांचा आरोप होता. (ते पाणी आमचं नव्हतं. हे मी आजही सांगते.) मी चिडून वर गेले. "काका, अर्ध्या मिक्सरचं मी काय करू?"

"आमच्यात असंच वाटत्यात," ते म्हणाले आणि बाल्कनीकडे निघून गेले.

विमानतळावर आम्ही सोडायला गेलो. टॉवेलातली फणी काखेत धरून ते रांगेतसुद्धा पुढे-मागे चालत होते. एकदम थांबून म्हणाले, "ताई, त्यानं दारच उघडलं न्हाई तर?" इतक्या वर्षांत मी त्यांना स्थिर उभं राहिलेलं पहिल्यांदा पाहिलं. मला रडू आलं आणि मी लेकीच्या जॅकेटची चेन उगाच लावत बसले.

वर आता एक शांत जोडपं राहायला आलंय. छताकडून काही म्हणजे काही ऐकू येत नाही आणि मला घरात करमत नाही. मधे शेंगदाण्याची चटणी करायची झाली. मी तास दोन तास आढेवेढे घेतले आणि शेवटी मोटर उचलून खाली गेले. भाभींनी दार उघडलं, मोटरकडे बघितलं नि म्हणाल्या, "किती दिवस वाट बघायला लावलीस गं! माझी शिट्टी आणलीस का?"

त्यांच्याच स्वयंपाकघरात असताना फोन आला. नंबर काकांचा, आवाज अनोळखी. "मी धाकटा बोलतो. ताई, दादानं फणी समोर ठेवली. मी देवळीतला धोटा काढला. त्यात धाग्याची कांडी भरलेलीच होती, मी दर दिवाळीला नवी भरतो. मागाच्या जागी आता मोरी हाय. दोन्ही वस्तू टीव्हीवर ठेवल्यात." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "हा माणूस तिकडं पण असाच फिरायचा का हो? अंगणातून वसरीत, वसरीतून अंगणात. कुणाला चैन पडू देत न्हाई."

"त्यांना बसायला सांगू का?" मी विचारलं.

"नको, नको," ते घाईनं म्हणाले. "फिरू द्या. पावलं थांबली की मीच उठून बघतो, परत गेला का काय म्हणून."

त्यांच्यामागे फरशीवर चपला वाजत होत्या. लांब जात होत्या, परत येत होत्या. मी भाभींना मिक्सर बंद करायला सांगितला आणि फोन कानाला लावून नुसती ऐकत राहिले.