रघूची जर्मन

रघू गेल्याची बातमी माझ्या आधी माझ्या बायकोला कळली, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आधी तेच खुपलं. दुपारी कॉलेजातून जेवायला घरी आलो तर सुमन स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, समोर अर्धवट चिरलेला दुधी. म्हणाली, "रघूभावोजी गेले. मिरकरवाड्यातून निरोप आला सकाळी." मी विचारलं, "निरोप तुझ्याकडे का आला?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल घालून तसाच बाहेर पडलो. शाळेपासूनचा मित्र गेला होता, आणि मी निरोप कुणाच्या नावाने आला ते विचारत होतो... आता महिना होऊन गेला. रघुनाथ मयेकरबद्दल चार चांगले शब्द लिहिणं अवघड नाही. पण मी त्याचा आयुष्यभर हेवा केला, आणि ते वगळून लिहिलं तर हा लेख खोटा होईल.

आम्ही दोघं एका बाकावरचे. गणितात मी पहिला, तो काठावर पास. मॅट्रिकनंतर मी कोल्हापूरला शिकायला गेलो आणि तो जहाजावर, इंजिनरूममध्ये. बारा-तेरा वर्षांनी एक पाय किंचित ओढत परत आला आणि मिरकरवाड्यात जेटीजवळ पत्र्याची शेड टाकून ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करू लागला. मी तोवर कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. ऐंशी सालानंतर लगेचच आम्ही काही हौशी मंडळींनी मिळून गावात एक चित्रपट मंडळ काढलं. रविवारी सकाळी शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे लावायचे, सोळा एमएमचा प्रोजेक्टर मांडायचा, मुंबईहून एस.टी.ने आलेले रिळांचे डबे उघडायचे. सिनेमा सुरू होण्याआधी मी दहा मिनिटं प्रास्ताविक करत असे. ती दहा मिनिटं मला फार प्रिय होती. प्रोजेक्टर अडला की रघूला बोलवायचो. तो हात पुसत यायचा, दुरुस्त करायचा आणि मागे भिंतीला टेकून सिनेमा बघत बसायचा.

एका रविवारी एक जर्मन युद्धपट आला. शत्रूने वेढलेलं शहर, आणि त्याखालच्या तळघरात एका हुकूमशहाचे अखेरचे आठ दिवस. खाली इंग्रजी अक्षरं येतील असं मुंबईहून कळवलं होतं, पण पहिलं रीळ लावलं आणि अक्षरांचा पत्ता नाही. हॉलमध्ये ऐंशी माणसं. मी घामाघूम. कार्यक्रम रद्द करतोय असं सांगायला उठलो तेवढ्यात मागून रघू म्हणाला, "बाळ्या, थांब की. मला येते थोडी जर्मन. हॅम्बुर्गला जहाज आठ महिने गोदीत होतं. मी सांगतो." आणि माझ्या हातातला माईक घेऊन तो पडद्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

पुढचे दोन तास मी विसरू शकत नाही. पडद्यावर माणूस बोलला की त्याच्या मागोमाग रघू बोलायचा, आपल्याच भाषेत, प्रत्येकाचा आवाज वेगळा. हुकूमशहा भल्यामोठ्या नकाशावर मूठ आपटतो, रघू म्हणाला, "कुठं गेली माझी फौज? ही काय हितं हाय!" समोरचा म्हातारा सेनापती खाली मान घालून काहीतरी पुटपुटतो, रघू हळूच म्हणाला, "साहेब, नकाशावर हाय. रस्त्यावर नाय." हॉल हसला. मग हळूहळू हसणं थांबलं. एक म्हातारी स्वयंपाकीण हुकूमशहापुढे सूप ठेवते आणि न जाता तशीच उभी राहते. रघूचा आवाज एकदम बारीक झाला. "साहेब, सकाळपासून तुमच्या चुलीपुढे उभी हाय. माझ्या घरची चूल पेटली का नाय ते मला म्हाईत नाय. मी जाऊ?" हुकूमशहा सूप पीत राहतो. माझ्या शेजारी सुमन पदराने डोळे पुसत होती. आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. माझं बोलणं ऐकून तिचे डोळे भरून आल्याचं मला एकदाही आठवत नव्हतं.

त्या दिवसापासून मंडळ रघूचं झालं. मिरकरवाड्यातली माणसं, जी कधी हॉलकडे फिरकली नव्हती, ती बायकापोरांसह येऊ लागली. अक्षरं असलेला सिनेमा असला तरी लोक म्हणत, "अक्षरं असू देत, रघूभाऊंना सांगू दे." माझं प्रास्ताविक दहा मिनिटांवरून तीनवर आलं, आणि त्या तीन मिनिटांतही लोक दाराकडे बघत, रघू आला का म्हणून. घरी सुमन कोशिंबीर कालवताना मध्येच ती स्वयंपाकिणीची वाक्यं म्हणायची. मी वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवायचो.

मग मी एक गोष्ट केली. मुंबईच्या वितरकाला पत्र लिहून त्या सिनेमाच्या संवादांची इंग्रजी प्रत मागवली. दोन महिन्यांनी ती टाईप केलेली पानं आली. मी अधाशासारखी वाचली, आणि मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते. रघूचं एकही वाक्य त्यात नव्हतं! सेनापती फक्त म्हणतो, "तोफखाना अजून पोचलेला नाही." स्वयंपाकीण म्हणते, खेड्यात घरी बहीण असते, तिच्याकडे जायला शहर सोडायची परवानगी हवी. बस्स. मंडळाच्या वार्षिक सभेत, सगळ्यांसमोर, मी ती पानं वाचून दाखवली. सत्याची चाड वगैरे शब्द वापरले. आणि मग विचारलं, "रघुनाथ, तुला जर्मन येते का?"

तो मागच्या भिंतीपाशी होता. सवयीने हात पुसले. मग म्हणाला, "येते ना. पाना दे... भूक लागलीय... दार उघड... येवढी येते." एकदोघं हसले. तोही हसला. आणि पुन्हा मंडळात आला नाही. प्रोजेक्टर अडल्यावर निरोप धाडला तर दुरुस्त करून द्यायचा, पण सिनेमा लागायच्या आत निघून जायचा. दीड वर्षात मंडळ बंद पडलं. सुमन मला त्यावरून कधी बोलली नाही, पण ती वाक्यं म्हणायची मात्र थांबली.

आमचं येणं-जाणं तुटलं नाही. तो विषय तेवढा निघत नसे. त्याच्या मूत्रपिंडाचा आजार बळावला तेव्हा मी आठवड्यातून दोनदा जाऊन बसायचो. जाण्याच्या पंधरा दिवस आधी त्यानेच तो विषय काढला. खाटेवर उशीला टेकून म्हणाला, "बाळ्या, त्या सिनेमातल्या रांधपिणीचं खरं बोलणं काय होतं रे?"

"तिला घरी जायची परवानगी हवी होती."

"मग मी वेगळं काय सांगितलं?" तो म्हणाला. उशी सरळ करून पुढे बोलला, "तुझ्या ताईच्या लग्नात माझी आये तीन दिवस तुमच्याकडे राबत होती. भांडी, चुली, मसाला. तिसऱ्या दिवशी ती तुझ्या बाबांपुढे उभी राहून जे बोलली ते मी पडवीतून ऐकलंय. ते पडद्यावरच्या बाईचं तोंड बघितलं नि मला तेच ऐकू आलं."

"बाबा काय म्हणाले?"

"काय नाय. जेवत होते. जेवत राहिले."

त्या लग्नात मीही होतो. मला त्यातली जिलेबी आठवते.

बाराव्यानंतर त्याच्या बायकोला भेटायला गेलो. सुलभावहिनींनी चहा ठेवला. मी ठरवून गेलो होतो, तसं सगळं सांगितलं. पत्र, पानं, सभा, माझ्या पोटातलं विष. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"भावोजी, त्यांना जर्मन येत नाय हे वाडीत सगळ्यांना म्हाईत होतं. पहिल्या दिवसापासून."

"मग मला कुणी बोललं कसं नाही?"

"तेच नको म्हणायचे. 'बाळ्याला सांगू नका, तो खरं धरून बसलाय, शरमेल.'"

"मग यायचं का सोडलं त्याने?"

"तुम्हाला ते नको झालेत, असं त्यांना कळलं. मंडळ तुमचं होतं ना..."

मी उठलो. येताना शेडचं दार उघडं दिसलं म्हणून आत गेलो. एक इंजिन अर्धं खोललेलं होतं, आणि त्याचे भाग जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून ओळीने मांडलेले, कशानंतर काय बसवायचं त्या क्रमाने. शेवटच्या दिवसांत, उभं राहवत नव्हतं तेव्हा, बसल्या बसल्या त्याने ते मांडले होते, हे मागून वहिनींकडून कळलं. आपण नसलो तरी दुसऱ्या कुणालाही इंजिन जोडता यावं म्हणून. मी वाकून एक नट उचलला, पुसलेला, स्वच्छ होता. होता तिथेच परत ठेवला. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण ते बघून मलासुद्धा ते जोडता येईल असं वाटलं... आणि त्याचा मला पुन्हा हेवा वाटला.